किलिमांजारोचा जमाखर्च

टांझानियातील किलिमांजारो हा पर्वत विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर असूनही माथ्यावर हिम बाळगून आहे; आणि त्याचे ५,८९५ मीटर उंचीचे उहुरू हे शिखर गाठण्यास नेहमीच्या वाटांनी दोर वा कुऱ्हाड लागत नसल्यामुळे, सह्याद्रीतील गडकोट पायांखाली घातलेल्या आपल्याकडील हौशी मंडळींना ते आवाक्यातले वाटते. हे वाटणे सर्वस्वी गैर नाही. मात्र तेथील मरांगू वाटेचे प्रवेशद्वारच कळसूबाईच्या माथ्याहून उंच आहे, एवढे ध्यानी धरून मग अंदाजपत्रक मांडावयास बसावे.

या पर्वतावर एकट्याने जाण्याची मुभा नाही. परवानाधारक वाटाड्या सक्तीचा असल्यामुळे मोशी किंवा अरुशा येथील एखाद्या कंपनीशी व्यवहार ठरविल्यावाचून गत्यंतर नसते, आणि तेथे एकाच वाटेसाठी एक कंपनी दुसरीच्या दुप्पट रक्कम सांगते, तेव्हा नवखा मनुष्य साहजिकच स्वस्ताकडे झुकतो. अशा वेळी प्रथम सरकारी भरणा तेवढा वेगळा काढून पाहावा. अलीकडच्या वर्षांतील दरांनी उद्यानशुल्क दररोज ७० डॉलर, तंबूच्या तळाचे शुल्क दर रात्री ५० आणि बचावशुल्क एकदाच २० डॉलर. म्हणजे माचामे वाटेच्या सात दिवस-सहा रात्रींचे ८१० डॉलर झाले, आणि त्यांवर १८ टक्के कर चढवला की रक्कम ९५६ च्या घरात जाते. आता कोणी बाराशे डॉलरांत सारे काही करून देतो म्हणत असेल, तर उरलेल्या अडीचशेच्या आत आठवडाभराचे अन्न, वाहन, वाटाड्या, स्वयंपाकी आणि एका आरोहकामागे लागणारे तीन-चार हमाल कसे बसतात, हे त्याला अवश्य विचारावे. बसत नाहीतच, तूट भरून निघते ती हमालांच्या मजुरीतून आणि त्यांच्या पोटातून. प्रवेशद्वारापाशी काट्याला लटकवून प्रत्येकाचे ओझे तोलले जाते आणि २० किलोंची मर्यादा पाळली जाते खरी; पण त्या मनुष्याला दिवसातून किती वेळा जेवावयास मिळते, हे काटा सांगत नाही.

दुसरी खोटी काटकसर दिवसांची. एक दिवस वाढविला तर सरकारी शुल्क करासह सुमारे १४२ डॉलरांनी वाढते, म्हणून पाच दिवसांत चढून उतरण्याची तजवीज करणारे पुष्कळ असतात, आणि माघारी फिरणाऱ्यांत भरणाही त्यांचाच अधिक असतो. शिखरावर प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ निम्मा. शरीराला त्याची सवय होण्यास काळच लागतो, तालमीतील कमावलेले शरीर तेथे उपयोगी पडत नाही. माचामे वाटेवर तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे ४,६०० मीटरांच्या वर चढवून रात्रीच्या मुक्कामाला पुन्हा ३,९०० च्या आसपास बरांकोला उतरवितात, ते याच कारणासाठी. शेवटच्या चढाईला मध्यरात्री निघावे लागते, तेव्हा पाण्याच्या पिशवीची नळी गोठून जाते. म्हणून अंगरख्याच्या आत साधी बाटली बाळगावी.

मोसमाविषयी फार सांगणे नको: जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑक्टोबर. जाड झोपपिशवीसारखे सामान मोशीत भाड्याने मिळते, केवळ एका आठवड्यासाठी ते विकत घेऊ नये. विमा उतरविताना मात्र पत्रिकेतील बारीक अक्षरे वाचावीत, कारण कित्येक विमे ठराविक उंचीनंतर जबाबदारी झटकतात. ६,००० मीटरांपर्यंतचा उल्लेख लेखी असावा.

राहिली बक्षिशी. ती ऐच्छिक म्हणवली जात असली तरी हमालांच्या कमाईचा मोठा भाग असल्यामुळे दोन-अडीचशे डॉलर आरंभीच बाजूला काढावेत, नोटा नव्या व लहान असाव्यात, आणि उतरल्यावर सारी थैली एकट्या प्रमुखाच्या स्वाधीन न करता, कोणाला किती हे सर्वांसमक्ष मोठ्याने सांगून वाटप करावे.