यंत्र वर्गात आले, पुढे काय?

प्रत्येक मुलाच्या हातात संगणक दिला की शिक्षण सुधारते का? दक्षिण अमेरिकेतील दोन देशांनी हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले आहे. त्यांचा अनुभव आपण समजून घेऊ. कारण चुकीच्या प्रयोगात गेलेली मुलांची वर्षे परत मिळत नाहीत.

पेरू देशाने २००८ पासून प्राथमिक शाळांना, विशेषतः ग्रामीण भागात, लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांची पाहणी झाली. सुमारे १५ महिन्यांनंतरही लॅपटॉप मिळालेली मुले गणितात व भाषेत इतर मुलांच्या पुढे गेलेली नव्हती. यंत्रे पोचली होती, पण बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि रोजच्या पाठाशी यंत्राची सांगड घातली गेली नव्हती.

उरुग्वेने २००७ मध्ये ‘प्लॅन सेइबाल’ सुरू केला. २००९ अखेर सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना लॅपटॉप मिळाले. नुसत्या वाटपाने तेथेही गणित-वाचनात फरक पडल्याचे दिसले नाही. खरा धडा पुढेच आहे.

या स्पॅनिशभाषक देशात इंग्रजी शिकवू शकणारे शिक्षक फार कमी होते. म्हणून २०१२ मध्ये एक वेगळी रचना करण्यात आली. आठवड्यातून इंग्रजीचे तीन पाठ. त्यांपैकी एक पाठ दूरच्या गावातला, कधी परदेशातला शिक्षक पडद्यावरून घेतो. उरलेले दोन पाठ वर्गशिक्षकच घेतो. त्याचे स्वतःचे इंग्रजी बेताचे असले तरी. दोघे दर आठवड्याला आपसात बोलून पुढील पाठांची आखणी करतात. पडद्यावर व प्रत्यक्ष, असे दोन्ही मिळून होणारे हे संमिश्र शिक्षण, म्हणजेच ‘ब्लेंडेड लर्निंग’.

ही रचना का चालते? नवा शब्द आणि त्याचा शुद्ध उच्चार पडद्यावरून मिळू शकतो. परंतु शेवटच्या बाकावरील मुलाला तो कळला नाही, हे वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकालाच दिसते. सराव करून घेणे, धीर देणे, कालचे आज पुन्हा विचारणे ही कामे त्याचीच. म्हणजे पडद्याने शिक्षकाची जागा घेतली नाही. त्याच्याकडे जे नव्हते तेवढेच पुरवले.

याला आधार देणाऱ्या गोष्टीही लक्षात घेण्यासारख्या आहेत. सरकारी दूरध्वनी कंपनीने शाळांपर्यंत प्रकाशतंतूंची जोडणी नेली, त्यामुळे चित्र व आवाज मध्येच तुटत नाही. पाठाला वेळापत्रकात कायमची जागा आहे. वर्गशिक्षकाच्या हाती तयार पाठयोजना असतात. आणि मुलांना किती आले, हे चाचण्या घेऊन तपासले जाते.

प्रयोगशाळेसाठी नवे उपकरण घेण्यापूर्वी आम्ही तीन प्रश्न विचारतो: ते कोण चालवणार, बिघडल्यास कोण दुरुस्त करणार, आणि त्यातून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे? शाळेत संगणकसंच किंवा मोठा पडदा येईल, तेव्हा हेच प्रश्न शिक्षकांनी विचारावेत. त्यात चौथा जोडावा: या यंत्रासह पाठ तयार करायला आम्हाला वेळ मिळणार का? या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर उत्तम यंत्रही कपाटातच राहते.