आजारपणात नोकरी : ठरवायचे कुणी?

कॅन्सरचे निदान झाले की घरात पहिला हुकूम सुटतो, "आता नोकरी सोड, आराम कर." त्यामागे माया असते. पण आजारी बहिणीला काय वाटते, हे विचारायचे आपण विसरतो. पगार हवा असतो, शाळेतल्या मुलांतही जीव रमतो.

घाईने राजीनामा देण्याआधी डॉक्टरांसमोर कॅलेंडर ठेवावे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमोचे डोस बहुधा 21 दिवसांच्या अंतराने असतात. डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी फार कमी होतात. तेव्हा मुलांनी भरलेला वर्ग धोक्याचा. तिसऱ्या आठवड्यात पुष्कळांना थोडी ताकद येते. रेडिएशन आठवड्यातून 5 दिवस असते, त्याचा थकवा हळूहळू साठत जातो.

मग रजा मोजावी. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्यांना अटी पूर्ण असल्यास कॅन्सरसाठी 80 टक्के वेतन 2 वर्षांपर्यंत मिळू शकते. उपचार संपले तरी थकवा कित्येक महिने राहतो, म्हणून सुरुवातीला कमी तास मागून घ्यावेत.

झेपत नसेल तर थांबावे. आजारी माणसाला रोजातही सवलत आहे, मग कामातली सवलत घेण्यात कमीपणा कसला?

आणि तिने नोकरी चालू ठेवायची ठरवली, तर संध्याकाळच्या चपात्या आपण लाटाव्यात.