विश्लेषण : ‘व्हिम’ उघडायला इतका वेळ का लागतो?

ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘व्हिम’ हा टर्मिनलमधला टेक्स्ट एडिटर चपळाईसाठी ओळखला जातो. तरीही अनेकांना फाइल दिसण्याआधी दोन-तीन सेकंद ताटकळावे लागते. बंद पडलेल्या सर्व्हरवर मध्यरात्री एक ओळ दुरुस्त करायला बसलेल्याला ते फार जाचते.

दोष व्हिमचा की आपल्या सेटिंगचा?

सुरू होताना व्हिम ‘व्हिमआरसी’ ही सेटिंगची फाइल आणि प्लगइन वाचतो. आज्ञेत दोन आडव्या रेघा देऊन ‘क्लीन’ लिहिले की हे सारे वगळले जाते. मग एडिटर झटकन उघडला, तर दोष आपल्याच सेटिंगमध्ये. इथे बरेच जण एकेक प्लगइन काढून पाहतात. तो अंदाजपंचे कारभार झाला. त्याऐवजी दोन रेघांपुढे ‘स्टार्टअपटाइम’ आणि एका फाइलचे नाव द्यावे. प्रत्येक टप्प्याला किती मिलिसेकंद लागले, याचा हिशेब व्हिम त्या फाइलमध्ये लिहितो. पहिला रकाना सुरुवातीपासूनच्या वेळेचा. तो कुठे एकदम उडी घेतो ते पाहायचे. जुनी नोंद पुसली जात नाही, नवी तिच्याखाली जोडली जाते. त्यामुळे फाइलचा शेवट वाचावा, नाहीतर कालचाच आजार आज शोधत बसाल.

‘क्लीन’ देऊनही संथच असेल तर?

मग प्लगइन निर्दोष. उडी ‘क्लिपबोर्ड’ शब्द असलेल्या ओळीपाशी दिसली, तर संशय एक्स-विंडोजवर घ्यावा. ‘एसएसएच’ने दूरच्या सर्व्हरवर जाताना एक्स फॉरवर्डिंग चालू असेल, तर तिथला व्हिम कॉपी-पेस्टच्या सोयीसाठी थेट तुमच्या घरच्या पडद्याशी संपर्क साधू पाहतो. जोडणी मंद असली की तो उत्तराची वाट पाहत थांबतो. एक आडवी रेघ आणि कॅपिटल ‘एक्स’ हा पर्याय दिला की हा खटाटोप टळतो. मात्र त्या सत्रात व्हिमला पडद्याचा क्लिपबोर्ड मिळत नाही. सर्व्हरवर एवढी किंमत परवडते. स्वतःच्या लॅपटॉपवर ही सवय लावू नये.

प्लगइनच दोषी निघाले तर?

ते काढलेच पाहिजे असे नाही. ‘व्हिम-प्लग’सारख्या व्यवस्थापकात एखादे प्लगइन ठरावीक आज्ञा दिल्यावर किंवा ठरावीक प्रकारची फाइल उघडल्यावरच वाचले जाईल, अशी सोय आहे. ‘निओव्हिम’लाही ‘स्टार्टअपटाइम’ कळते, तेव्हा तिथेही तपासाची सुरुवात त्याच फाइलपासून करता येते.