लातूरहून सोबत गेलेलं पोट

शिकवण्यांच्या लातूर पॅटर्नमध्ये घासून निघालेला मुलगा पुण्यात इंजिनिअर होतो, हिंजवडीत नोकरी करतो आणि तिथून न्यू जर्सी गाठतो. चाळिशी गाठायच्या आत त्याला शुगर निघते. इकडे लातूरजवळच्या औशात आई म्हणते, ‘‘तिकडचं खाणं बाधलं माझ्या लेकराला.’’ पिझ्झाला दोष देणं सोपं आहे. पण मुलगा तर शिडशिडीत! पोट जेमतेम सुटलेलं. मग शुगर आली कुठून?

उत्तराचा मोठा भाग पुण्याच्या केईएम रुग्णालयात सापडला. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला याचा पत्ताच नाही! कातडीखालची चरबी फारसा त्रास देत नाही. पोटाच्या आत आणि यकृतात साठलेली मात्र रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्शुलिनचं चालू देत नाही. त्यात स्नायू कमी. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात, तेच थोडे असले की ती रक्तात फिरत राहते.

हे सगळं बैठ्या कामानं झालं असेल, असं वाटतं ना? मग बाळांकडे बघा. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला. तिथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं ३.५ किलोचं. हातपाय काटकुळे, स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी चिमट्यात धरून मोजली तर वजनाच्या मानानं चांगलीच टिकलेली. पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात इन्शुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त निघालं. अजून दूध प्यायलं नाही, तोवरच!

आणि हे गाव सोडल्यानं सुटत नाही. १८७३ साली ‘लल्ला रूख’ जहाजातून भारतीय मजूर दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला पोचले. चार-पाच पिढ्यांनंतर तिथं जन्मलेल्या त्यांच्या वंशातल्या बाळांचीही ठेवण तशीच आढळली. न्यू जर्सीचा आपला इंजिनिअर तर कालपरवाचाच पाहुणा.

असं का होतं? एक विचार असा की गर्भाला पोषण अपुरं पडलं की तो मेंदूला आधी देतो, स्नायूंना मागं ठेवतो. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांना पन्नाशीत साखर पेलणं जड गेलेलं दिसलं. हे वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला १९७२चा दुष्काळ आठवतोच. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बाया, वाटली जाणारी सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. त्या वर्षी पोटात असलेली लेकरं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत.

पण सगळंच गर्भात ठरत नाही. याज्ञिकांच्या गटानं खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुष मोजले, तेव्हा गावाकडून शहराकडे चरबी वाढत गेलेली दिसली. म्हणजे खरं स्थलांतर लातूरच्या बसस्टँडवरच सुरू होतं, विमानतळावर नाही. भाकरी सुटली म्हणून हे झालं, असं म्हणायचा मोह होतो. मला तो पटत नाही. ज्वारीतही मुख्यतः पिष्टच असतं. तीन भाकरी जिरवणारं रान सुटलं, हे जास्त खरं.

आईच्या ताटातली खरी उणीव भलतीकडेच निघाली. त्या सहा खेड्यांतल्या दोनतृतीयांश गरोदर बायकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते मिळतं दूध, अंडी, मासे, मटणातून, वरण-भाकरी-भाजीतून नाही. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला न जुमानण्याची खूण सर्वांत ठळक होती. म्हणून त्याच अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना, त्यांचं लग्न, गरोदरपण हे सगळं दूर असतानाच, २०१२ पासून बी-१२च्या गोळ्या देण्याचा प्रयोग झाला. शुगरवरचा इलाज, आणि तो रोग्याच्या जन्माआधी!