मर्कंटाइल मरीन वॉर मेडल

मर्कंटाइल मरीन वॉर मेडल हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम केलेल्या खलाशांना व अधिकाऱ्यांना देण्यात आलेले युद्धसेवापदक आहे. ब्रिटनच्या व्यापार मंडळाने ते १९१९ मध्ये सुरू केले. एकूण १,३३,१३५ पदके देण्यात आली.

स्वरूप

पदक कांस्याचे असून त्याचा व्यास ३६ मिलिमीटर आहे. दर्शनी बाजूस राजे पंचम जॉर्ज यांची मुखाकृती आहे. मागील बाजूस खवळलेल्या समुद्रातील व्यापारी जहाज, बुडणारी पाणबुडी व शिडाचे जहाज कोरलेले आहे. फीत हिरव्या व लाल रंगाची असून मध्ये पांढरा पट्टा आहे. हे रंग जहाजाच्या उजव्या, डाव्या व डोलकाठीवरील दिव्यांचे निदर्शक आहेत. पदकाच्या कडेवर केवळ धारकाचे नाव असते. हुद्दा किंवा क्रमांक नसतो.

पात्रता

धोक्याच्या क्षेत्रातून किमान एक सागरी सफर केलेल्या व्यक्ती या पदकास पात्र होत्या. धारकांना ब्रिटिश वॉर मेडलही मिळत असे.

भारतीय खलाशी

ब्रिटिश जहाजांवरील भारतीय खलाशांना ‘लस्कर’ म्हणत. मुंबई हे त्यांच्या भरतीचे प्रमुख बंदर होते. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक खलाशी डेकवर, तर गोमंतकीय खलाशी प्रामुख्याने भोजनव्यवस्थेत काम करीत. सारंग व तांडेल हे त्यांचे मुकादम असत. त्यांचे वेतन ब्रिटिश खलाशांपेक्षा बरेच कमी होते. धोका मात्र समान होता. हा धोका युरोपच्या समुद्रापुरता मर्यादित नव्हता. ‘वोल्फ’ या जर्मन जहाजाने मुंबईजवळ पेरलेल्या सुरुंगामुळे ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज २३ जून १९१७ रोजी बुडाले. युद्धात तीन हजारांहून अधिक भारतीय खलाशी मृत्युमुखी पडले.

दुसरे महायुद्ध व स्मारके

दुसऱ्या महायुद्धात व्यापारी खलाशांसाठी स्वतंत्र पदक नव्हते. त्यांना १९३९–४५ स्टार, अटलांटिक स्टार यांसारखी सामाईक पदके मिळत. त्यांवर धारकाचे नाव कोरलेले नसे.

समुद्रात मृत्यू आलेल्यांना थडगे नसल्याने त्यांची नावे स्मारकांत जतन करण्यात आली आहेत. मुंबईतील इंडियन सेलर्स होम येथील स्मारक पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक नाविकांचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे ६,५०० नावांची नोंदवही तेथे असून तिची दुसरी प्रत बांगलादेशातील चितगाव येथील युद्ध दफनभूमीत आहे.