ओळख बदलण्याचे ‘उपचार’ : तक्रार कोणाकडे आणि कशी? (लेखांक सहावा)

मागील लेखांकात पाहिलेल्या नवतेजसिंग जोहर खटल्याच्या निकालाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले; परंतु मुलगा समलिंगी आहे किंवा मुलगी म्हणून वाढवलेले अपत्य स्वतःला पुरुष म्हणून ओळखते, हे कळताच त्याला ‘सुधारण्यासाठी’ डॉक्टर, समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्र किंवा एखाद्या बाबाच्या हवाली करण्याची वाट त्या निकालाने बंद झाली नाही. व्यक्तीचा लैंगिक कल, म्हणजे तिला कोणाविषयी आकर्षण वाटते ते, किंवा तिची लिंगओळख, म्हणजे ती स्वतःला स्त्री, पुरुष की आणखी काही मानते ते, बदलण्यासाठी केलेल्या अशा सर्व प्रयत्नांना कन्व्हर्जन थेरपी म्हणतात. त्यात थेरपी असे काहीच नसते, कारण जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकतेला 1990 मध्येच रोगांच्या यादीतून वगळले आहे आणि जो रोगच नव्हे त्यावर उपचार संभवत नाही.

या प्रकाराला नाव घेऊन गुन्हा ठरवणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी 7 जून 2021 रोजी एस. सुषमा प्रकरणात असे ‘उपचार’ करणाऱ्यांवर परवाना काढून घेण्यापर्यंतची कारवाई करण्याचे निर्देश दिले आणि त्याच प्रकरणातून पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले की हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. तरीही पोलीस ठाण्यात जाऊन केवळ ‘कन्व्हर्जन थेरपी चालू आहे’ एवढेच सांगितले, तर ठाणे अंमलदारासमोर नोंदवण्याजोगे कलम उभे राहत नाही. तक्रारदाराने या प्रकाराच्या नावावर भर न देता घडलेले कृत्य लिहावे: कोणत्या तारखेपासून खोलीला बाहेरून कुलूप आहे, मोबाईल कोणी काढून घेतला, मारहाण कोणी केली, गोळ्या कोणी दिल्या आणि त्या घेण्यास नकार दिल्यावर काय झाले. डांबून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 127 खालील दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांनी न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तपास सुरू करावा असा आहे, आणि त्याची खबर शेजारी, मित्र किंवा शिक्षक अशा कोणालाही देता येते. घटनास्थळ दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असले, तरी आता झिरो एफआयआर नोंदवता येतो. ठाण्याने नकार दिल्यास तीच माहिती पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवावी आणि प्रत्येक अर्जाची तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी.

व्यवहारात मात्र पोलीस बहुधा दुसऱ्याच बाजूने प्रवेश करतात. सज्ञान मुलगी मैत्रिणीकडे निघून जाते, आईवडील मिसिंगची तक्रार देतात, पोलीस तिला शोधून काढतात आणि ‘घरगुती मामला आहे, समजुतीने घ्या’ असे म्हणून तिला पुन्हा त्याच घरात पोचवतात. ज्या यंत्रणेकडे तिने दाद मागायची तीच तिला परत नेऊन सोडते, यापरता मोठा विश्वासघात नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीने आपण स्वखुशीने राहत आहोत असा जबाब दिल्यावर तिला पालकांच्या ताब्यात देण्याचा अधिकार पोलिसांना नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने 11 मार्च 2024 रोजी देवू जी. नायर प्रकरणात उच्च न्यायालयांनाही बजावले आहे की अशा व्यक्तीची ओळख किंवा कल बदलावा या हेतूने तिला समुपदेशनाला पाठवू नये.

व्यक्ती केंद्रात किंवा रुग्णालयात असेल, तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा हाताशी येतो. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार समाजातील नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी न जुळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थाही या कायद्याच्या व्याख्येत मोडतात, आणि हे महत्त्वाचे अशासाठी, की व्यसन नसलेल्या मुलांना व्यसनमुक्ती केंद्रात घातल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. मे 2020 मध्ये गोव्यात मृत्यू पावलेल्या केरळमधील एका विद्यार्थिनीनेही मृत्यूपूर्वीच्या चित्रफितीत असेच सांगितले होते. घरच्यांनी आणून सोडले एवढ्यावर कोणालाही दाखल करता येत नाही. व्यक्ती स्वतः निर्णय घेण्यास सक्षम नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी वेगवेगळी तपासणी केल्यावर कलम 89 खाली दाखल करता येते आणि त्याची खबर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत, स्त्री असल्यास तीन दिवसांत, द्यावी लागते. या निमन्यायिक मंडळाकडे, म्हणजे न्यायालयासारखे काही अधिकार असलेल्या मंडळाकडे, दाखल व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते किंवा तिच्या संमतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था करू शकते. अर्जात तपासणीचे अहवाल आणि ती खबर दाखवण्याची मागणी अवश्य करावी. हे कागद नसतील, तर दाखल करणेच बेकायदा ठरण्याचा मार्ग मोकळा होतो.

‘अंगात काही शिरले आहे’ असे सांगून बाबाकडे नेले असेल, तर महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, काठीने मारणे, मिरचीची धुरी देणे ही कृत्ये त्याच्या अनुसूचीत स्पष्ट नोंदलेली आहेत. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आहे आणि या गुन्ह्यांसाठी नेमलेला दक्षता अधिकारी किमान पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो. दुर्दैवाने या दिशेने या कायद्याचा विचार फारसा होत नाही.

अठरा वर्षांखालील मुलासाठी 1098 या क्रमांकावर किंवा थेट जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे कळवावे. धोका तातडीचा असेल, तर वयाचा विचार न करता 112 वर फोन करावा.

या सर्व अर्जांचा क्रम मात्र अडकलेल्या व्यक्तीच्या सुरक्षिततेवरून ठरला पाहिजे. सज्ञान व्यक्तीशी कोणत्याही मार्गाने बोलणे शक्य असल्यास तिची संमती घ्यावी आणि तिचा कल तिच्या परवानगीशिवाय अर्जात लिहू नये. कुलूप लावून कोंडणे सिद्ध करण्यासाठी कोंडलेल्याचा कल सांगावा लागत नाही. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करताना त्याची चिठ्ठी, तिच्यावरील नोंदणी क्रमांक, औषधांची नावे आणि तारखा जोडाव्यात. परिषद नोंदवहीतून डॉक्टरचे नाव काढू शकते, पण तिला कोणाची सुटका करता येत नाही. आणि नोटीस पोचताच व्यक्तीला रातोरात दुसऱ्या गावी हलवले जाण्याचा धोका असतो. म्हणून ही तक्रार, कागदपत्रे जपून ठेवून, ती व्यक्ती बाहेर पडल्यानंतर करणे श्रेयस्कर, आणि सुटकेसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळवून उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज, म्हणजे डांबलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी, आधी दाखल करावी.