पाऊस, मास्क आणि जादा अक्ष

भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाने 1901 पासूनचा देशाचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मांडून ठेवला आहे. जाळी 129 अक्षांश आणि 135 रेखांशांची. 365 दिवसांच्या एका वर्षाचा ‘पाऊस’ नावाचा ऍरे घेतला तर त्यात 63,56,475 आकडे भरतात. देशाबाहेरच्या चौकटींत उणे 999 हा संकेत असतो, त्यामुळे सरसकट सरासरी काढली तर पाऊस उणे येईल. मग यातून महाराष्ट्राचा पावसाळा वेगळा कसा काढायचा?

पायथनच्या नमपाय लायब्ररीत त्यासाठी बूलियन मास्क असतो. रांगोळीच्या छाप्यासारखंच त्याचं काम. जिथे ‘खरे’ तिथून आकडा उतरतो, बाकीचा अडतो. इथे दोन मास्क लागतात. ‘दिवस’मध्ये 365 नोंदी, त्यांत जून ते सप्टेंबरचे 122 दिवस खरे. ‘राज्य’ 129 बाय 135 चा, त्यात महाराष्ट्राच्या चौकटी खऱ्या.

सहज सुचतं ते पाऊस[दिवस, राज्य]. पण नमपाय दोन्हींतल्या खऱ्या जागांच्या जोड्या लावते, पहिला दिवस पहिल्या चौकटीशी, दुसरा दुसरीशी. संख्या जुळली नाही तर एरर येते, आणि ती आलेलीच बरी. निवडलेल्या प्रदेशात नेमक्या 122 चौकटी असल्या तर मात्र विनातक्रार 122 आकडे मिळतात. त्यांची सरासरी पावसासारखी दिसते, पण तिला काही अर्थ नसतो.

त्याऐवजी नमपायचं न्यूऍक्सिस वापरून ‘दिवस’ला दोन जादा अक्ष दिले की त्याचा आकार 365 बाय 1 बाय 1 होतो. ‘राज्य’शी ‘अँड’ केल्यावर एकच्या जागा आपोआप ताणल्या जातात आणि पूर्ण ऍरेएवढा मास्क तयार होतो. ही ताणण्याची सोय ‘अँड’मध्ये आहे, कंसात नाही. एकट्या ‘दिवस’चा ताणायचा राहिलेला मास्क थेट पाऊस[ ] मध्ये टाकला तर नमपाय तो नाकारते, कारण मास्कच्या प्रत्येक अक्षाची लांबी ऍरेच्या अक्षाशी तंतोतंत जुळावी लागते. हा कडकपणा मला योग्य वाटतो. कुठल्या चौकटी निवडायच्या, याचा अंदाज यंत्राने बांधू नये.

‘अँड’ने तयार झालेल्या जोडमास्कने आकडे बरोबर येतात, पण एका सरळ रांगेत. कुठला आकडा कुठल्या दिवसाचा, हे रांगेत दिसत नाही. हंगामाच्या सरासरीला तेवढं पुरतं. रोजचा आलेख हवा असेल तर दोन टप्प्यांत निवडा: पाऊस[दिवस][:, राज्य]. निवड झाली की आधी शेप तपासा. 122 ओळी आणि ओळीत राज्याच्या सगळ्या चौकटी दिसल्या, तरच पुढचं गणित करा.